दादाचे टाय

दादा गेला आणि चौथ्या महिन्यात माझी नोकरी गेली. देवळीच्या ज्या खाजगी शाळेत मी अकरा वर्षं गणित शिकवलं, ती बंद पडली. पुढचं दीड वर्ष नुसते अर्ज. पंचेचाळिशीच्या माणसाला कोणी बोलवत नव्हतं. शेवटी वर्ध्याच्या एका इंग्रजी शाळेतून फोन आला. पुरुष शिक्षकांना टाय सक्तीचा आहे, मुलाखतीलाही लावून या, असं फोनवरच्या बाईंनी बजावलं.

माझ्याकडे टाय नव्हता. दादा औषध कंपनीत एमआर होता. त्याचे सहा टाय पिपरीला वहिनीकडे होते. मुलाखतीच्या सकाळी माझे तिन्ही बरे शर्ट पिशवीत घालून मी तिच्याकडे गेलो.

दादाला भडक रंगांची भारी हौस. एक टाय मोहरीसारखा पिवळा, त्यावर जांभळे चौकोन. एक चकाकता पोपटी. बाकीचेही तसलेच. माझे शर्ट चौकड्यांचे, रेघांचे. काहीच कशावर जाईना. आरशात प्रत्येक वेळी लग्नातला बँडवाला दिसायचा. तासभर उरला होता आणि अंगातून घामाच्या धारा. मी पलंगावर बसलो.

"वहिनी, मी नाई जात. लोक हसतीन मले."

कपाटातून दादाचा पांढरा शर्ट काढून तिनं माझ्यासमोर ठेवला. त्याचंही कशावरच जमत नसे, म्हणून तो पांढराच घालायचा, म्हणाली.

मला गाठ येत नव्हती. दादाची गाठ रोज तीच बांधायची. तिनं पिवळा टाय माझ्या गळ्यात टाकला, एक वेढा दिला आणि तिचे हात थांबले. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. तिनं टाय काढून घेतला, स्वतःच्या गळ्यात घालून गाठ मारली, सैल केली आणि टाय डोक्यावरून काढून माझ्या हातात दिला.

"जा आता, भाऊजी. उशीर होईन."

मुलाखतीत तिघं होते. मुख्याध्यापिकांनी आधी टायकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकानं हसत विचारलं, हा कोणी निवडला? मोठ्या भावानं, मी म्हणालो. पुढचं काही सांगितलं नाही. मग नमुना पाठ घ्यायला लावला; अपूर्णांक शिकवताना खडू दोनदा हातातून पडला.

आठ दिवसांनी फोन आला. ती जागा दुसऱ्याला दिली होती. पाचवी-सहावीसाठी अर्ध्या दिवसाचं काम होतं, पण ते तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला विचारावं की नाही, असं बाई म्हणत होत्या. त्यांचं वाक्य संपायच्या आतच मी हो म्हणालो.