छताला लागला तरी आऊट नाही!

पंचवटीकरांनो, एक सांगा. इथं मस्कतला मी क्लबातली कोर्टं पुसतो. आज आमचे देवळ्याचे सुपरवायझर भाऊदादा म्हणाले, "स्क्वॉश नाहीतर रॅकेटबॉल, माझ्याशी एक तरी जिंक. शुक्रवारच्या डबल्सला तुलाच जोडीदार घेतो."

स्क्वॉशचा बॉल पार मेलेला, उसळतच नाय. हरलो.

रॅकेटबॉलचा मात्र अंगावरच येतो! लय मजा आली. शेवटच्या पॉइंटला बरोबरीवर असताना माझा बॉल छताला लागला. आऊट समजून मी रॅकेट ठेवली.

"कुठं चालला रे? ह्याच्यात छत चालतं!" म्हणत दादांनी बॉल मारला, मॅचपण घेतली.

मग हसून म्हणाले, "ये शुक्रवारी. पण पळून नको जाऊ."

आपल्या गल्लीत क्रिकेटचा बॉल पत्र्यावर गेला की आऊट. तो नियमच नसता, तर आपण कसे खेळलो असतो?