बाबांचा गुप्त चिमटा

माझ्या बाबांच्या पोटात काही राहत नसे. दिवाळीला आईसाठी घेतलेली साडी ते बसस्टँडपासून घरापर्यंत चार जणांना दाखवूनच आणत. अशा माणसाने दोन वर्षं एक गुपित सांभाळलं, याचं मला आजही हसू येतं आणि वाईटही वाटतं.

कळंबला बाबांचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि जवळच्या खेड्यात आमचं घर आणि थोडं शेत. कापूस वेचून झाला की उभी वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, हाताने उपटावी लागे. आई तळहातांना चिंध्या बांधायची, तरी भाकरी थापताना तिचे फोड फुटायचे. ते बघून बाबांनी लांब दांड्याचा चिमटा बनवला. बुंधा जबड्यात धरायचा, दांडा दाबायचा, झाड मुळासकट वर.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता आणि आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते वाईट बातमीतच. बाबांच्या मनात आलं, एक चांगली बातमीही इथून जाऊ दे. तेवढ्यात त्यांना एका कंपनीची जाहिरात दिसली: तुमच्या शोधाचं पेटंट काढून देऊ, मोठ्या कारखान्यांना विकून देऊ. दुकानातलं दुसरं मशीन विकून त्यांनी नागपूरला फी भरली आणि नमुन्याचा एक चिमटा तिथे ठेवून आले. साहेबाने बजावलं होतं, पेटंट हाती येईपर्यंत ही वस्तू कोणाच्या नजरेस पडता कामा नये.

झालं! ज्या हातांसाठी चिमटा केला, त्यांनाच तो बंद. घरचा चिमटा पोत्यात गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर गेला. आईने एकदा मागितला, तर म्हणाले, शब्द दिला आहे, धीर धर. मला त्यांचा भारी राग यायचा. आई मात्र मुकाट्याने चिंध्या बांधून शेतात जायची.

दुसऱ्या वर्षी, पऱ्हाटी उपटायच्या दिवसांतच, कंपनीचा जाडजूड इंग्रजी अहवाल आला. मी कॉलेजात होते, म्हणून वाचून सांगायचं काम माझ्याकडे. पहिल्या पानावर बाबांचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं की हे उपकरण प्रत्येक स्वयंपाकघराची गरज ठरेल. बाबांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्याच कोणाच्या अहवालावर त्यांचं नाव चिकटवलेलं होतं. फोन लावला, तर नंबर बंद.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी माळ्यावरून चिमटा काढला आणि खांद्यावर टाकून गावादेखत शेतात निघाले. मीही मागोमाग गेले. आई तीन बायांबरोबर पऱ्हाटीत उभी होती. चिमटा तिच्या हाती देऊन बाबा तो कसा धरायचा ते समजावू लागले. तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. जबडा बुंध्याला लावला, दांडा दाबला, झाड वर. मग दुसरं, तिसरं. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"तुले कसं जमते?" बाबांनी विचारलं.

"दोन सालापासून जमते. तुमी दुकानात गेले का काढतो, तुमी घरी याच्या आंधी पुसून ठेवतो." मग म्हणाली, "दांडा चार बोटं लांब पायजे होता. पण सांगू कशी? तुमी शब्द देल्ला होता."

बाबांनी तिच्या हातांच्या चिंध्या सोडल्या. तळहातांवर एकही फोड नव्हता.

ते तसेच दुकानात गेले आणि पाइप कापायला बसले, चार बोटं जास्त धरून.