चाखलं काय, वहिनी?

२३ नोव्हेंबर. दुपारची जेवणं उरकून मी ओसरीवर सूप घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी घरी नवं खाणं होतं आणि नव्या तांदळातली कणी, तूस, खडे अजून निघायचे होते. हे काम दरवर्षी माझी सून करते. ती आत भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत होती. गेले कित्येक दिवस ती लसूणच सोलत होती. खानावळीला एवढा लसूण लागत नाही.

खानावळ आमचीच. घराला लागून, चिचगडला जाणाऱ्या रस्त्यावर. शाळेतले गुरुजी, जंगल खात्याची माणसं, ट्रकवाले जेवायला येतात. बाजार आणि गिऱ्हाईक मी बघते, चूल सून बघते. ती माझ्या भावाची मुलगी. आमच्यात भावाची लेक बहिणीच्या घरात देतात, त्यामुळे लग्नाआधीही ती मला आत्या म्हणायची आणि आताही म्हणते. मुलगा ट्रकवर असतो, घरी कधीतरी येतो. घरात आम्ही दोघी आणि माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, ती आबाजी. खानावळ चालते ती तिच्या हातावर, हे सांगायला मला लाज नाही. मी केलेली भाजी लोक पोट भरायला खातात. तिने केलेली दुसऱ्यांदा मागतात.

म्हणूनच तर ती टीव्हीवर गेली. एका हिंदी चॅनेलवर स्वयंपाकाची स्पर्धा असते. खानावळीतल्याच कोणीतरी फोनवर तिचा व्हिडिओ काढून पाठवला, नागपूरला बोलावणं आलं, तिथून मुंबईला. एकेक जण गळत गेले आणि ही उरत गेली. तेव्हा हीच गिऱ्हाइकं खानावळीत टीव्ही लावून टाळ्या वाजवत होती. मी तेवढे दिवस खानावळ कशीबशी ओढली.

मग घरचा व्हिडिओ काढायला माणसं आली. होम व्हिडिओ म्हणतात त्याला. शेवटच्या काही जणांचं घर दाखवायचं असतं. टोपी घातलेली एक मुलगी आणि कॅमेरेवाले दोघं. खानावळीतली गॅसची शेगडी त्यांना नको होती. सिलेंडर बाहेर नेऊन ठेवलं आणि मला परसातल्या चुलीपुढे बसवलं, जिच्यावर आम्ही फक्त आंघोळीचं पाणी तापवतो. लाकडं ओली होती. धुराने माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. टोपीवाली म्हणाली, बहुत अच्छा.

नंतर त्यांना धान कांडताना हवं होतं. गावात गिरणी आहे, मुसळाने कोणी कांडत नाही. तरी शेजारणीकडून उखळ आणलं. कणगीतलं नवं धान काढून मी थोडं कांडलं. त्यांनी तेच तांदूळ लाल फडक्यात बांधून मागितले. सुनेला देतो म्हणाले, घरची आठवण म्हणून.

मी सांगितलं की हे चालणार नाही. जुन्या तांदळाची पिशवी देते, ती न्या. आणि का चालणार नाही तेही सगळं सांगितलं, कॅमेरा चालू होता. आमच्या घरात नवं धान आलं की आधी घरच्या देवाला आणि वाडवडिलांना वाढतात. पळसाच्या पानावर भात ठेवतात, मोहाच्या दारूचे थेंब सोडतात. मग घरातला मोठा खातो, मग सगळे. तोपर्यंत नव्याचं शीत जिभेला लावायचं नाही. हेच नवं खाणं. बहुतेक घरांत हे दिवाळीच्या आधीच होऊन जातं. आमच्याकडे यंदा थांबलं होतं, कारण त्या दिवशी घरातली बाई घरात पाहिजे, आणि घरातली सून मुंबईला होती. मामाजींनी तिच्यासाठी थांबवलं. कणगी भरलेली आणि आम्ही मागच्या वर्षीचा तांदूळ खात होतो. म्हातारा माणूस, दात नाहीत, त्यांना नव्याचा मऊ भात आवडतो. वर्षभर त्याची वाट बघतात. तरी थांबले.

टोपीवालीने सगळं नीट ऐकून घेतलं. आँटीजी, बहुत अच्छा बोला आपने, असं म्हणाली. चावल सिर्फ दिखाने के लिए है, पकाना नहीं है, हेही म्हणाली. मी फडकं दिलं.

पुढच्या फेरीत त्यांनी सुनेपुढे तेच फडकं सोडलं आणि सांगितलं, याचंच काहीतरी कर.

तिने केलं. तिखट भात, वर करवंदाच्या लोणच्याचा खार, बाजूला उडदाचं वरण. दिसायला चांगलं होतं. पण चाखलं नाही. अंदाजाने मीठ घातलं आणि ताट पुढे केलं. मीठ कमी पडलं. परीक्षकाने विचारलं, चखा था? ती नाही म्हणाली. का नाही, तेही तिने तिथे सांगितलं, असं ती मला नंतर म्हणाली. थांबत थांबत, हिंदीत, पण पूर्ण सांगितलं. त्या दिवशी ती स्पर्धेतून गेली.

जाऊ दे, स्पर्धा म्हटली की कोणीतरी जाणारच. माझा राग त्यावर नाही.

राग त्या तुकड्यावर आहे. प्रसारण झालं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर एक छोटा व्हिडिओ फिरायला लागला, होम व्हिडिओची झलक म्हणून. आधी आमचं घर. मग चूल, मग मी, डोळ्यांतून पाणी. लाल फडक्याची गाठ. मग मुंबईचा झगमगाट, परीक्षक विचारतो, चखा था? सून मान खाली घालते, नाही म्हणते. ढम्म असा आवाज. पुन्हा मी, डोळ्यांतून पाणी. संपलं. मी कॅमेऱ्यापुढे जे सांगितलं त्यातला एक शब्द नाही. तिने जे सांगितलं त्यातलाही नाही. बघणाऱ्याला एवढंच कळतं की एक बाई स्वतः केलेलं स्वतः चाखत नाही आणि तिची सासू त्यापायी रडते.

टोपीवालीचा नंबर होता. मी फोन केला. ती गोड बोलली. मैडम, टाइम कम होता है, एडिट में चला जाता है. मी म्हटलं, ढम्म वाजवायला वेळ होता. त्यावर ती देखते हैं म्हणाली आणि नंतर तिने माझा फोन उचलला नाही.

प्रसारण होईपर्यंत त्यांनी सुनेला तिकडेच ठेवून घेतलं होतं. ती परत आली तेव्हा देवरीच्या बसस्टँडवर मी न्यायला गेले होते. रिक्षावाल्याने तिला ओळखलं आणि हसत विचारलं, भाभी, चखा क्या? मला वाटलं, एकदा विचारेल आणि विसरेल. तो विसरलाही असेल. पण बाकीचं गाव होतं ना. खानावळीत पहिल्याच दिवशी गुरुजींनी ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, “चाखलं काय, वहिनी?” सगळे हसले. गुरुजी वाईट माणूस नाहीत. त्यांना तो विनोद वाटला. दुसऱ्या दिवशी जंगल खात्याच्या माणसालाही तो विनोद वाटला. एक ट्रकवाला तर घास हातात धरून बसला. पहले आप खाओ भाभी, फिर हम खाएँगे, म्हणाला.

मी प्रत्येकाला समजावलं. नवं खाणं म्हणजे काय हे यांना माहीत नाही असं नाही. निम्म्यांच्या घरी आहे. ऐकून घेतात, हो हो म्हणतात, आणि उद्या तोंडातून तेच. पोवारांच्या घरची एक बाई दूध द्यायला येते, तिने मात्र ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग तुमी टीव्हीवर असं काऊन नाई सांगतलं?” मी तिच्या हातातला दुधाचा गंज घेतला आणि आत गेले.

सूनही ऐकत होती. चारपाच दिवसांनी ती पुढे येऊन वाढेनाशी झाली. मग शेगडीपाशीही उभी राहीना. भाजी चिरून देते, लसूण सोलून देते, भांडी घासते. फोडणीचा डाव हातात दिला की म्हणते, तुम्हीच टाका आत्या. म्हणजे पुन्हा मी चुलीवर. आणि आता ती घरात असताना. गिऱ्हाइकं आता चाखलं काय विचारत नाहीत, कारण चाखण्यासारखं काही नसतं. ट्रकवाले पुढच्या ढाब्यावर जायला लागले आहेत.

तरी नवं खाणं लगेच उरकलं असतं तर बरं झालं असतं. पण ती आली आणि भावकीतली एक म्हातारी गेली. सुतक लागलं, ते पुढे ढकललं. गुरुजींनी मध्ये एक युक्ती सांगितली. नव्या खाण्याला ती भात खाते त्याचा व्हिडिओ काढा, मी टाकतो, सगळ्यांची तोंडं बंद. मला पटली. मी तिला विचारलं. ती नुसती नाही म्हणाली. कायले नाही, असं मी चिडून विचारलं तर म्हणाली, “मले आता कोनाले काई दाखवाचं नाई.”

त्या दुपारी ओसरीवर सूप घेऊन बसल्या बसल्या माझं डोकं पुन्हा तापलं. मी देवाधर्माची फार नाही. जे चालत आलं ते करते. पण लेकीसारख्या पोरीची ही अवस्था एका शितापायी व्हावी हे मला पचत नव्हतं. मी ओसरीवरून आत बोलले. मनात होतं ते सरळ बोलले.

“एक शीत जिभेवर ठेवून थुकलं असतं, तं कोनाचं काय गेलं असतं वं?”

आतला लसूण सोलल्याचा आवाज थांबला. मला वाटलं रडते आहे. रडत नव्हती.

“आबाजी घरी थांबले होते नं, आत्या,” ती म्हणाली. “ते माझ्यासाठी जुनंच खाऊन राहिले होते. अन् मी तिकडं नवं खाऊ?”

मामाजी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर पडले होते. त्यांना कमी ऐकू येतं. ऐकलं की नाही, माहीत नाही. मी तांदूळ पाखडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीच्या दाराला मी कडी लावली. त्या दिवशीचा भात घरातल्या मोठ्या बाईने शिजवायचा असतो, म्हणजे मीच. अंघोळ करून मी पातेलं ठेवलं. उडदाचं वरण केलं. मामाजींनी देवाच्या खोलीत पळसाची पानं मांडली, भात वाढला, मोहाचे थेंब सोडले, गेलेल्यांची नावं घेतली. त्यांना नावं सगळी आठवतात, जिवंत माणसांची विसरतात. मग त्यांनी पहिला घास उचलला. आम्ही दोघी मागे बसलो होतो. रीत अशी की आधी ते खातील. त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडाकडे नेला नाही. मागे वळले आणि सुनेपुढे हात केला.

“घे,” म्हणाले. “तू तं माह्यावून जास्त थांबली.”

म्हणजे आदल्या दिवशी ऐकलं होतं.

तिने दोन्ही हातांनी घेतला आणि खाल्ला. सावकाश चावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. कपाळाला बारीकशी आठी पडली. ती आठी मी ओळखते. खानावळीत कोणी नवी बाई मदतीला आली आणि तिने काही बिघडवलं की ही आठी पडते. मुंबईहून आल्यापासून मी ती पाहिली नव्हती.

“आत्या,” ती म्हणाली, “नव्या तांदळाले एवढं पानी कायले टाकलं? पार गिजगा झाला.”

खरं होतं. इतके दिवस खानावळीत जुना तांदूळ शिजवून माझ्या हाताला तेच पाणी बसलं होतं. नव्याला कमी लागतं, हे मला काय माहीत नाही? पण चुकलं. मामाजी मात्र तो गिजगा बोटांनी चाटून खात होते.

मी म्हटलं, मग खानावळीतला तूच शिजव.

तिने पानं उचलली, देवापुढची जागा पुसली, हात धुतले. मी परसात पातेलं घासायला नेलं. परत आले तर खानावळीचं मधलं दार उघडं होतं आणि आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी पुढचं दार ठोठावत होतं, गुरुजींचाच आवाज असावा. सुनेला पुन्हा शेगडीपाशी बघून ते तेच विचारणार, यात मला शंका नव्हती. मी पातेलं पालथं घातलं, पदर खोचला आणि कडी काढायला गेले.