काकांनी नाकारलेलं वाक्य

मी नल्लकुंट्याला घरी बसून परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिते. काही महिन्यांपूर्वी आमच्या डबिंग स्टुडिओकडे येशूच्या आयुष्यावरची एक काल्पनिक मालिका आली. येशूच्या आवाजासाठी एकच नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. स्टुडिओत सगळे त्यांना काकाच म्हणतात; ते मूळचे जालन्याचे, मराठी ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेले. बूथमध्ये नुसतं "पाणी द्या" म्हणाले तरी आम्ही हातातलं काम थांबवून ऐकायचो.

पाच भाग छान झाले. सहाव्यात येशूला खिळे ठोकण्याचा प्रसंग होता. शास्त्रातला येशू मारणाऱ्यांना क्षमा करतो; मालिकेतला त्यांना शाप देतो. मला तो प्रसंग फार आवडला होता. त्या एका शापावर मी दोन दिवस घालवले होते.

काकांनी पान वाचलं आणि चष्मा काढला.

"ताई, हे माझ्या तोंडून निघणार नाही."

"अहो काका, गोष्ट आहे ही! खरं कोण मानणार आहे?"

"गोष्ट आहे म्हणूनच पाच भाग केले ना. त्यात तो आईवर रुसला, ते कुठे शास्त्रात आहे? मी म्हटलं, असू दे. पण क्षमा काढून घेतलीत, तर उरलेल्या माणसाला मी ओळखत नाही."

मी चिडले. काम चार दिवसांत द्यायचं होतं. काकांनी वाद घातला नाही. दुसरा आवाज शोधा म्हणाले, आणि नवा कलाकार आल्यावर तीन दुपारी त्याच्याशेजारी बसून कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा ते समजावत राहिले. जाताना माझ्या पानांवर बोट ठेवून म्हणाले, "तुम्ही सगळीकडे सूळ लिहिलंय. आम्ही वधस्तंभ म्हणतो." जे त्यांना पटत नव्हतं, तेही ते मला नीट लिहायला लावत होते.

शापाची ही बातमी त्यांच्या चर्चच्या मंडळीत पोचली. काहीजण स्टुडिओच्या फाटकावर निदर्शनं करायची म्हणत होते. आधी लिहिणारीला ऐकून घ्या, असं काकांनी त्यांना सांगितलं आणि मला बोलावलं. रविवारच्या उपासनेनंतर नामपल्लीजवळच्या त्यांच्या छोट्या हॉलमध्ये मी गेले. घरच्यांनी "नक्को जाऊस" म्हणून बजावलं होतं.

कुणी आवाज चढवला नाही. पुढच्या रांगेतल्या एका नर्सबाईंनी विचारलं, "शाप लिहिताना तुम्हाला काय वाटत होतं?"

मी खरं ते सांगितलं. "वाटलं, इतकं सोसल्यावर कुठलाही माणूस शापच देईल."

बाई म्हणाल्या, "आम्हीही दिला असता. रोज वॉर्डात कुणाला ना कुणाला मनातल्या मनात देतेच मी. म्हणून तर त्याने दिला नाही, हे आम्हाला इतकं मोलाचं वाटतं."

तेवढ्यात मागून एक गृहस्थ उठले. "बाईंचं बरोबर आहे, पण मी स्पष्ट बोलतो. हे चूक आहे, आणि तुम्ही लिहायला नको होतं." बोलून झाल्यावर त्यांनीच माझ्यासाठी खुर्ची पंख्याखाली ओढली.

निदर्शनं झाली नाहीत. त्यांनी परदेशी निर्मात्यांना पत्र लिहायचं ठरवलं. शास्त्र काय सांगतं आणि मालिका कुठे वेगळी जाते ते सांगायचं, आणि सुरुवातीला 'ही कल्पित कथा आहे' एवढं दाखवावं अशी विनंती करायची. पत्र इंग्रजीत करून द्यायचं काम मी मागून घेतलं. एकही कडवट शब्द मला गाळावा लागला नाही.

पत्राला उत्तर आलं नाही. मालिका होती तशीच लागली. काकांनी पाच भाग पाहिले, सहावा पाहिला नाही, आणि नव्या कलाकाराला फोन करून शाबासकी दिली.

हल्ली ते जंगलावरच्या एका माहितीपटाला आवाज देताहेत. संहिता मी त्यांना आठवडाभर आधी पाठवते. काही खटकलं तर ते फोन करतात, आणि मी वही घेऊन ऐकायला बसते.