किती केलीत आजवर?

बाबा नाशिकच्या आयटीआयमध्ये आयुष्यभर फिटरचं काम शिकवून निवृत्त झाले आणि मैसूरजवळ हूटगळ्ळीला आमच्याकडे राहायला आले. गेल्या वर्षी लघवीच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली, तर भलतंच निघालं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. कधी फुटेल याचा नेम नव्हता.

मैसूरच्या इस्पितळातला तरुण सर्जन म्हणाला, "पोट उघडायला नको. जांघेतून एक बारीक नळी सरकवून आतून अस्तर बसवू."

"किती केलीत आजवर?" बाबांनी विचारलं.

मी ओशाळलो. त्याला मात्र राग आला नाही.

"स्वतः पुढे राहून अकरा. पण तुमच्या रक्तवाहिनीला वळण जास्त आहे. आमच्या मॅडमनी अशी शेकडो केली आहेत. त्यांना दाखवू या."

मॅडम मैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या निघाल्या. मराठीत अधूनमधून कानडी पेरत बोलायच्या. बाबांची कळी तिथेच खुलली.

"सवयीच्या हातानं नेमका काय फरक पडतो?" त्यांनी विचारलं.

"निम्मं काम आधीच होतं, काका. कुठल्या मापाचं अस्तर, कुठून शिरायचं, ते स्कॅन बघून ठरवायचं. आणि अडलं की जोर नाही लावायचा, थांबायचं. हे थांबणं शिकायलाच वर्षं जातात, अल्वा?"

'नाही का' म्हणायचं ते त्या असं कानडीत म्हणत. बाबांनी मान डोलावली. कानशीवर जोर लावणाऱ्या पोरांना त्यांनीही हेच सांगितलं होतं.

"मग तुम्हीच करा," ते म्हणाले. "पण यांनाही हात लावू द्या. नाहीतर अकराचे बारा व्हायचे कसे?"

दोघं डॉक्टर हसले. वळणाचा भाग मॅडमनी करायचा, सोपी बाजू त्यानं, असं ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर नुसता बसून होतो. दुपारी तरुण सर्जन टोपी काढत आला. अस्तर पहिल्याच खेपेला जागेवर बसलं होतं. मी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले.

तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले. महिन्यानं केलेल्या स्कॅनमध्येही कुठे गळती नव्हती. त्यानंतरच्या रविवारी आम्ही कावेरीकाठी, वाळूत गाडलेल्या देवळांच्या तलकाडला गेलो. वाळूत चालताना मला धाप लागली. बाबा चपला हातात घेऊन पुढे निघून गेले होते, आणि एका अनोळखी कुटुंबाला आपल्या जांघेतून काय काय आत गेलं ते रंगवून सांगत होते.