कुडापलीकडची भुरी

साळूबाईचा स्वभाव जळका आहे, असे सारे गाव म्हणायचे आणि साळूबाईने ते कधी नाकारले नाही. शेजारच्या खाचरात भाताला लोंबी आधी आली तरी हिच्या पोटात दुखे. कुणाची लेक माहेरपणाला आली, कुणाच्या म्हशीला रेडी झाली, कुणाचे लुगडे धुऊन धुऊनही विटले नाही, असे काहीही तिला पुरे. ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं,’ असे वर ऐटीत म्हणायची. बाई कामाला वाघ, हाताची सढळ, कुणाकडे वाईट झाले तर सगळ्यांच्या आधी धावणारी. पण बारशाला तिला बोलवायचे म्हटले की लोक जरा विचार करत.

तिचे सगळ्यांत जास्त जळायचे ते धाकट्या जावेवर, चंद्राबाईवर. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी घराच्या मधोमध कारवीचा कूड घातला. अलीकडची बाजू थोरल्या गेणबाला, म्हणजे साळूबाईच्या नवऱ्याला आली. पलीकडची धाकट्या जयसिंगला. जमीन सारखी वाटली, भांडी सारखी वाटली. पण म्हैस पलीकडे गेली, कारण दूध पिणारी पोरे तिकडे होती. सासू धोंडाबाईही पलीकडे गेली, कारण नातवंडांवाचून तिला करमेना. साळूबाईची एकुलती लेक लग्न होऊन माण गावी नांदत होती. “जे जे जितं हाय ते समदं तिकडं,” ती म्हणायची, “आन माझ्या वाट्याला निस्ती भांडी.”

आली ती एकटी भुरी मांजरी. मांजर काही पंचांनी वाटणीत धरले नव्हते. कूड उभा राहत होता आणि कामकरी अजून शेणमाती लिंपत होते, तेवढ्यात भुरी कारव्यांच्या फटीतून अलीकडे आली, भाताच्या कणगीवर चढली आणि अंग चाटत बसली. कुणी दिली नाही, कुणी आणली नाही, आपल्या पायांनी आली. साळूबाईने ही हकिकत पाणवठ्यावर इतक्या वेळा सांगितली की ती सुरुवात करताच बायका घागरी उचलून चालू लागत. भुरीच्या येण्याजाण्यासाठी तिने कुडाच्या बुडाशी भोकही ठेवून दिले. मात्र दोघी जावा वाटणीपासून एकमेकींचा उंबरा चढल्या नव्हत्या. बोलणे काय ते कुडावरून.

भुरी तिचीच असायला कारणही होते. नुकते डोळे उघडले होते तेव्हा तिची आई कुत्र्याने मारली. साळूबाईने भाताची पेज तळहातावर घेऊन तिला चाटवली आणि जगवली. तेव्हापासून भुरीला खोड लागली. एरवी ती कशातही तोंड घालायची, पण घाबरली किंवा दुखलेखुपले की तळहातावरचेच खायची. हे साळूबाईने कुणाला सांगितले नव्हते. सांगेल कशाला?

पानशेतचे धरण फुटले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात भुरीला पडसे झाले. आधी नुसत्या शिंका, मग नाकाला शेंबूड, मग डोळे चिकटायला लागले. दूधभाकरी पुढे केली तर ती हुंगायला जाई, हुंगता येईना की तोंड फिरवी. मांजराचे सगळे नाकावर. वास आला नाही तर त्याला भाकरी काय आणि माती काय, सारखेच. साळूबाईने तळहातावर दूधभाकरी कुस्करून धरली, तीही भुरीने नुसती चाटल्यासारखी केली आणि सोडली.

वासाचे म्हणावे असे साळूबाईच्या घरात काही उरलेच नव्हते. गेणबाने आदल्या वर्षी तुळशीची माळ घातली होती. तेव्हापासून त्या चुलीवर मासळी चढली नाही. माळ नवऱ्याच्या गळ्यात आणि कुलूप हिच्या जिभेला. कूड आढ्यापर्यंत पोचत नव्हता. पौडच्या बाजाराच्या दिवशी पलीकडून भाजल्या सुकटीचा वास यायचा आणि साळूबाई आपल्या कोरड्यासात रागाने जास्तीची मिरची टाकायची.

मग तिने भुरीला तान्ह्या पोराचा उपाय केला. लेकीला लहानपणी पडसे झाले की ती धुरी द्यायची, तशी. खापरीत निखारे घेतले, त्यावर ओवा आणि लसणाची साले टाकली, भुरीला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली घातले आणि वरून गोणपाट टाकले. पोराला धुरी देतात ती उघड्या बाजेवर, धूर लागतो न लागतो तोच वर निघून जातो. गोणपाटाखालचा धूर जाणार कुठे? हे तिच्या ध्यानात आले ते आतून खोकण्याचा आवाज आला तेव्हा. तिने डालगे उचलले. भुरी धडपडत बाहेर आली, मागे वळूनही न बघता कुडाच्या भोकातून पलीकडे गेली.

साळूबाई खापरी हातात घेऊन उभीच राहिली. मग कुडाजवळ जाऊन तिने हाक मारली.

“चंद्रे, माझी मांजर आली का गं तिकडं?”

“आली, अक्का. चुलीम्होरं बसलीया. नाक पार भरलंय तिचं.”

“धाड तिला हिकडं.”

“ऊब घेतीया तवर घेऊ द्या की. मी काय बांधून ठिवली न्हाई.”

हे शेवटचे वाक्य साळूबाईला झोंबले. बांधून ठेवली नाही, म्हणजे आपण होऊन आली. हेच तर ती इतकी वर्षे पाणवठ्यावर सांगत आली होती.

कुडाला एका जागी लिंपण गळून फट पडली होती. साळूबाईने तिला डोळा लावला. चंद्राबाईने कोमट पाण्यात फडके भिजवून भुरीचे नाक पुसले, चिकटलेले डोळे हलक्या हाताने मोकळे केले. मग चुलीवरचे उकळते पाणी परातीत ओतून परात अशी ठेवली की भाजायचे भय नाही पण वाफ तोंडावर यावी. तीन पोरांची नाके पुसून तिचा हात बसला होता. आणि भुरी, जी साळूबाईच्या धुरीतून पळाली, ती तिथे निमूट पुसून घेत होती. साळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हैस घेतली, सासू घेतली, आता हेही घे, असे ती मनात म्हणाली.

थोड्या वेळाने पलीकडे सुकट भाजली गेली. चंद्राबाईने ती चुरून, कोमट पेजेत कालवून बशीत भुरीपुढे ठेवली. भुरीचे नाक हलले, मान वळली. वास पोचला होता. पण बशीला तिने तोंड लावले नाही. चंद्राबाईने बशी जवळ सरकवली, तशी ती मागे सरकली.

साळूबाईला आनंद झाला. खोटे कशाला बोला, चांगलाच आनंद झाला. त्या संध्याकाळी तिच्या भाकऱ्या टम्म फुगल्या आणि गेणबाला न मागता गूळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा फटीला डोळा लावला. भुरी तिथेच होती, पण आता मानही वर करत नव्हती. केस उभे राहिले होते, पाठीचा कणा दिसत होता. बशी तशीच भरलेली होती. साळूबाईने कालचा आनंद पुन्हा आणून पाहिला, तो काही येईना.

“थोरलीला इचार,” पलीकडे धोंडाबाई सुनेला सांगत होती. “तिनं वाढवलीया ती.”

“इचारलं आसतं, आत्याबाई. पर त्या उचलून न्हेतील.” चंद्राबाईचा आवाज खाली गेला. “मला म्हस मिळाली, समदं मिळालं. पर ते पंचांनी दिलं. कूड घालत हुते तवा मी बी हितं उभी हुते. मला वाटलं, भुरी माझ्याकडं यील. ती अक्काकडं गेली. आजून सलतंय मला.”

साळूबाई फटीपाशी थिजली. आयुष्यभर ती दुसऱ्यावर जळत आली होती. तिच्यावर कुणी जळते आहे, हे तिला ठाऊकच नव्हते. घटकाभर तिला फार मोठे झाल्यासारखे वाटले. मग भुरी शिंकली. इतकी बारीक शिंक, की त्यात जोरच उरला नव्हता.

साळूबाई अंगण ओलांडून गेली आणि पुढच्या दाराने धाकटीचा उंबरा चढली. धोंडाबाई बघतच राहिली. चंद्राबाई चटकन उठली आणि मांजरीच्या आड उभी राहिली.

“बाजूला हो,” साळूबाई म्हणाली. “बशीतनं न्हाई खायाची ती.”

ती खाली बसली. बशीतली सुकट चुलीपाशी धरून कोमट केली, तळहातावर घेतली आणि हात भुरीच्या तोंडाशी नेला. भुरीने डोळे किलकिले केले, हुंगले, आणि मग तिची खरखरीत जीभ तळहाताला लागली. एकदा, मग पुन्हा. साळूबाईने दुसरा घास घेतला.

“न्हेताय का तिला?” चंद्राबाईने विचारले.

न्यायचे तर होते. पदरात घालून, आत्ताच्या आत्ता. पण घरी नेऊन तळहातावर ठेवणार काय? दूधभाकरीचा वास त्या चोंदलेल्या नाकाला लागत नव्हता आणि गेणबाच्या चुलीला सुकट चालत नव्हती. भुरी जगायची तर याच चुलीपुढे जगायची. साळूबाईला हे दिसत होते, आणि दिसत होते म्हणूनच तिचा जीव जळत होता.

“हात आण हिकडं,” ती म्हणाली.

तिने चंद्राबाईचा हात धरून उताणा केला, त्यावर सुकट ठेवली आणि खालून आपला हात लावला. भुरी घुटमळली. साळूबाईचा वास शोधला, तो खालून येत होता. तिने चाटायला सुरुवात केली. ती नीट खाऊ लागल्यावर साळूबाईने आपला हात हळूच काढून घेतला. भुरी थांबली नाही. चंद्राबाईच्या तळहातावरचे ती खातच राहिली.

साळूबाई उठली आणि घरी आली. आपली एकच गोष्ट आपण आपल्या हातांनी जावेला शिकवून आलो, हे तिला अंगणातच उमगले. त्या दिवशी ती कुणाशी धड बोलली नाही. गेणबाने विचारले, “हाताला कसला वास येतोय?” तेव्हा ती म्हणाली, “माझ्या भुरीचा.” आणि अंघोळीला गेली.

दुखणे हत्तीच्या पायांनी येते आणि मुंगीच्या पायांनी जाते. साळूबाईने फटीला पुन्हा डोळा लावला नाही. लावावासा फार वाटे, म्हणून तिने शेणमातीने ती बुजवूनच टाकली. बुडाशी ठेवलेले भोक मात्र तसेच राहू दिले.

एके सकाळी ती भात काढायला कणगीपाशी गेली तर वर भुरी बसली होती. डोळे स्वच्छ, नाक कोरडे, अंग चाटत. साळूबाईने तिला उचलून छातीशी धरले आणि तिचे तोंड हुंगले. सुकटीचा वास येत होता, ताज्या, नुकत्याच भाजलेल्या. साळूबाई पुरती जळली. मग तिने कणगीवरचे गोणपाट झटकून दुपदरी केले आणि भुरीला त्यावर बसवले.