आढीतल्या रॅकेटी

२०१४ च्या पावसाळ्यानंतर माझ्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, डहाणूत पहिल्या रॅकेटचं गटिंग केलं. तेव्हापासून २०१७ च्या डिसेंबरपर्यंत डहाणूत एकही स्मॅश धड बसला नाही. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध आहे, असं गावातला प्रत्येक बॅडमिंटन खेळणारा खासगीत सांगत असे. जाहीरपणे कोणी सांगितल्याची नोंद नाही.

काकांची बोर्डीच्या रस्त्याला चिकूची वाडी आहे. चिकू उतरवायला आमच्याकडे बेडणी वापरतात, म्हणजे लांब बांबू आणि त्याच्या टोकाला जाळीची झोळी. या जाळ्या फाटतात आणि काका त्या स्वतः विणत. विणकामात त्यांचा हात चांगला होता, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य आहे. एकदा एका पाहुण्याच्या रॅकेटची तार तुटली, ती काकांनी बेडणीच्या जाळीसारखी ओढून गाठवून दिली. पाहुणा "वा, काका!" म्हणाला. तो दुसऱ्याच दिवशी पुण्याला परत गेला आणि ती रॅकेट त्याने पुढे वापरली की नाही, याची माहिती मिळू शकलेली नाही. पण त्या एका "वा"वर काकांनी मागच्या पडवीत दाभण, लाकडी खुंटी आणि तारेची रिळं मांडली. गटिंग, म्हणजे रॅकेटच्या चौकटीत तार ओवून ताणून बसवणं, हे आपलं जन्मजात काम असून मधली पन्नास वर्षं चिकूंनी खाल्ली, असं त्यांनी मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, "त्या चिकूंवर घर चाललं ने. रॅकेटीवर चालवून दाखवा."

लोक त्यांच्याकडे जात, याचं कारण कोर्ट. गावात खेळायला छप्पर असलेली जागा एकच होती, ती म्हणजे काकांची चिकू भरायची शेड. उंच पत्रे, गुळगुळीत सिमेंट, कोपऱ्यात क्रेटची थप्पी. बँकेतले साहेब, दोन डॉक्टर, हायस्कूलचे मास्तर, स्टेशनजवळचे दुकानदार, सगळे सकाळी तिथे खेळायला येत. काका कोणाकडून काही घेत नसत. नियम एकच होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता: इथे खेळणाऱ्याने गटिंग इथेच करायचं. त्यामुळे पुढे पुढे शहाणी माणसं दोन रॅकेटी बाळगू लागली. एक वापीला मशिनवर ताणून आणलेली, बाहेरगावी खेळायची, आणि दुसरी काकांची, काकांसमोर खेळायची. बँकेतल्या साहेबांची या बाबतीत एकदा गफलत झाली आणि वापीची रॅकेट शेडमध्ये आली. काकांनी ती उचलून कानाशी नेली, तारेवर नख मारलं, "टण्ण" आवाज ऐकला आणि विचारलं, "ही कोणाची?" साहेब म्हणाले, "मेव्हण्याची." काका म्हणाले, "त्याला सांग, डॉक्टरला दाखव. इतकं ताणून जगणं चांगलं नाही."

मशीन काकांनी पाहिलेलं नव्हतं आणि पाहण्याची गरजही त्यांना वाटत नसे. ताण पाउंडात मोजतात, हे त्यांना माहीत होतं, मान्य नव्हतं. पाउंड इंग्रजांचे, इंग्रज गेले, विषय संपला. काकांची मापं तीन: कच्ची, पाडाला आलेली आणि पिकलेली. कोणाला कोणती द्यायची हे गिऱ्हाइकाने सांगायचं नाही, काकांनी ठरवायचं. हेच बँकेतले साहेब नवे बदलून आले तेव्हा त्यांनी ऐटीत सांगितलं होतं, "काका, चोवीस पाउंड करा."

"चोवीस कोणाला?"

"मला."

"हात दाखव." साहेबांनी हात पुढे केला. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला, मनगट दाबलं, पंजा वजन केल्यासारखा तोलला. "हा हात चोवीसचा नाही. सही करून करून त्याचं पाणी झालंय. तुला पाडाची देतो. झेपली तर पुढच्या वर्षी बघू."

तुटलेल्या तारेवरून माणूस ओळखण्याची विद्याही त्यांना अवगत होती, म्हणजे असं त्यांचं म्हणणं होतं. तलासरीहून एक मास्तर रॅकेट घेऊन आले. तार वरच्या अंगाला तुटली होती. काकांनी दोन्ही टोकं चिमटीत धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, घरात बोलणं बंद आहे का?" मास्तर म्हणाले, "नाही हो. तार दारात सापडून तुटली." काका म्हणाले, "दार कोणी आपटलं?" मास्तर घड्याळ बघू लागले. काकांची विद्या खरी ठरल्याची ही एकमेव घटना असून ती त्यांनी त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. मास्तर पुढे उंबरगावला गटिंगला जाऊ लागले.

पण काकांचं खरं वैशिष्ट्य होतं आढी. झाडावरून उतरवलेलं फळ पेंढ्यात दडपून उबेला ठेवायचं, मग ते पिकतं. तसंच काका गटिंग झालेली रॅकेट तीन दिवस पेंढ्याच्या आढीत ठेवत, चिकूंच्या शेजारी. त्याआधी रॅकेट मागणाऱ्याकडे ते कीव येऊन बघत. "झाडावरचा चिकू तोडून लगेच खातो का कोणी? चीक बसतो ने तोंडाला. तारेचं पण तसंच. आत्ता ओढून बांधली, ती रागात आहे. तिला मुरू दे." चौथ्या दिवशी ते आढीत हात घालून एकेक रॅकेट काढत, अंगठ्याने जाळी दाबत आणि दबली की समाधानाने मान हलवत. उबेने तार सैल पडते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही असं नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांनी त्यांना विचारलं, "तुमच्याकडे चिकूची किती झाडं?" डॉक्टरांकडे झाड नव्हतं.

आढीतून निघालेल्या रॅकेटीला चिकूचा गोड वास येई आणि त्याच डॉक्टरांच्या रॅकेटीवर एकदा सामना चालू असताना मुंगळे चढले. समोरच्याने सर्व्हिस थांबवून त्यांना झटकायला वेळ दिला, हे खिलाडूपणाचं उदाहरण म्हणून शेडमध्ये सांगितलं जाई. मावशीचा आक्षेप वेगळा होता. "पाहुणे आले, म्हटलं पिकलेले चिकू काढू, तर हाताला नुसत्या दांड्या. काय कापून देऊ? हँडल?"

अशा रॅकेटीतून जोर निघत नाही. त्यामुळे डहाणूत एक वेगळाच खेळ तयार झाला. मारायचं नाही, नेटच्या जवळ हळूच टाकायचं आणि समोरच्याच्या चुकीची वाट बघायची. दोन्ही बाजू वाट बघत असल्याने एकेक गुण चहा थंड होईपर्यंत चाले. वापीची काही मंडळी एकदा मैत्रीचा सामना खेळायला आली. त्यांच्यातल्या एकाने काकांची रॅकेट हातात घेतली आणि विचारलं, "काका, आ रॅकेट छे के चाळणी?" सगळे जमिनीकडे बघू लागले. काका शांतपणे म्हणाले, "चाळणी विणणं सोपं काम नाही, भाई." डहाणूकर तो सामना एकतर्फी हरले. काकांच्या मते वापीकरांना खेळातलं काही कळत नव्हतं, ते नुसते जिंकले.

स्वतः काका कधीही बॅडमिंटन खेळले नाहीत. का, असं विचारलं तर म्हणत, "मी खेळलो तर माझ्यासमोर उभा कोण राहणार?" मात्र २०१६ मध्ये त्यांनी रॅकेटची स्वतःची रचना केली. बाजारातल्या रॅकेटची मान आखूड आणि तोंड लहान, हा मूळ दोष असल्याचं त्यांनी शोधून काढलं होतं. गंजाडचा एक बांबूवाला त्यांना बेडणीसाठी बांबू आणून देई. त्याच्याकडून त्यांनी बारीक, पेरं जवळ असलेला बांबू मागवला. तो म्हणाला, "शेट, एवढ्या बारीक बांबूची बेडणी मोडंल." काका म्हणाले, "बेडणी नाही. खेळायचं आहे." तो म्हणाला, "मंग पोराला द्या. तुमी कशाला?" काकांनी बांबूला बाक दिला, गोल तोंड केलं आणि त्यात मुद्दाम किंचित खोलगट जाळी ओवली. तत्त्व असं होतं की चिकूला आपण मारत नाही, जाळीत घेतो, तसंच शटलला घ्यायचं आणि परत द्यायचं. उद्घाटनाला हायस्कूलचे मास्तर उभे राहिले. पहिलंच शटल आलं, मास्तरांनी ते घेतलं आणि ते आतच राहिलं. नियमाप्रमाणे हा दोष धरतात. काका म्हणाले, "नियम नंतर बदलतील. आधी बघा, पडलं का? नाही ने पडलं?"

या सगळ्यात अडचण एकाच व्यक्तीची होती. काकांची मुलगी प्राची चांगली खेळायची. किती चांगली, हे डहाणूत कळण्याचा मार्ग नव्हता. जिल्हा नवा झाला होता, त्याचा संघ निवडला जाऊ लागला होता आणि २०१७ चं वर्ष हे एकोणीस वर्षांखालच्या मुलींत तिचं शेवटचं वर्ष होतं. पुढे कॉलेजला कुठे जायचं, हे त्या संघात नाव येतं की नाही यावरून ठरवायचं, असं तिने म्हटलं होतं. चाचणी डिसेंबरात तलासरीला, एका शाळेच्या सभागृहात होती. प्राचीला बाबांची रॅकेट काय आहे हे माहीत होतं. तोंडावर सांगणं तिला जमत नव्हतं. "अगं, तू सांग ने," ती आईला म्हणाली. मावशी म्हणाली, "मी लग्न झाल्यापासून सांगते. ऐकलं तर तुला कळवीन." मावशीने भावाकरवी वापीहून मशिनवर ताणलेली एक रॅकेट आणवली आणि बॅगेत जेवणाच्या डब्याखाली ठेवली. ती काढायची केव्हा, हे मात्र दोघींनी ठरवलं नव्हतं.

काकांनी या चाचणीसाठी खास रॅकेट केली होती. ती आढीत तीन दिवस नव्हती, आठवडाभर होती. "अशी पिकलीय बाय, बघच तू," जीप चालवताना ते म्हणाले. मागे मी, मावशी आणि डबा होतो.

निर्णायक सामना वेवजीच्या एका मुलीशी होता. जिंकेल ती संघात, हरेल ती राखीव. काका पहिल्या रांगेत बसले होते. प्राचीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचीच रॅकेट घेऊन कोर्टवर गेली. वेवजीच्या मुलीचा हात कडक होता. तिचं शटल आदळल्याचा आवाज सभागृहाच्या भिंतींवरून परत येई, प्राचीच्या रॅकेटीचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही येत नव्हता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने "दीदी, जोर लाव ने, जेवली नाय का?" असं ओरडून विचारलं आणि बाक हसला. प्राची जोर लावत होती. ते तिच्या मानेवरच्या शिरांवरून दिसत होतं. पहिला गेम ती मोठ्या फरकाने हरली.

मधल्या वेळात काका उठून तिच्याजवळ गेले. रॅकेट तिच्या हातातून घेतली, अंगठा जाळीच्या मधोमध ठेवला आणि दाबला. अंगठा बराच आत गेला. त्यांनी तो काढून पुन्हा दाबला. मग समोर वेवजीची मुलगी पाणी पीत होती, तिच्या खुर्चीला टेकून ठेवलेल्या रॅकेटकडे पाहिलं.

"जास्त पिकली," ते म्हणाले.

मावशी छताचे पंखे बघत होती.

"दुसरी आणलीय?"

प्राचीने आईकडे पाहिलं. "डब्याखाली आहे," प्राची म्हणाली.

काकांनी स्वतः बॅग उघडली, डबा बाजूला ठेवला, रॅकेट काढली. नखाने वाजवली. कुठची आहे, कोणी आणली, केव्हापासून आहे, यातलं काही विचारलं नाही.

"कच्ची आहे," ते म्हणाले. "घे. खेळ."

"बाबा, मी..."

"वेळ संपतोय बाय. जा."

दुसरा गेम प्राचीने जिंकला. पहिला स्मॅश बसला तेव्हा मागचा बाक उठून उभा राहिला. तिसरा गेम शेवटपर्यंत बरोबरीत चालला आणि ती दोन गुणांनी हरली. यादीत तिचं नाव राखीव खेळाडू म्हणून लागलं.

परतीच्या रस्त्यावर मावशीने डबा उघडून सगळ्यांना पोळी-भाजी दिली. काकांनी जीप बाजूला घेतली, दोन घास खाल्ले आणि पुन्हा चालवू लागले. प्राची मागे आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

राखीव खेळाडू म्हणून प्राची संघाबरोबर नाशिकला स्पर्धेला गेली. काकाही गेले. चिकूचे दिवस होते, वाडी त्यांनी मावशीवर सोपवली. प्राचीला एकही सामना खेळायला मिळाला नाही. काका रोज सकाळपासून गॅलरीत बसत. दुसऱ्या दिवशी संघातल्या एका मुलीची तार तुटली. प्राचीचे वडील गटिंग करतात, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. ती गॅलरीत आली आणि म्हणाली, "काका, करून द्याल?" काकांनी रॅकेट घेतली. सभागृहाच्या दाराशी एक माणूस मशीन घेऊन बसला होता, त्याच्याकडे त्यांनी ती दिली आणि गटिंग पूर्ण होईपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहिले.